पणजोबांच्या दगडावरचं पीठ

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आईचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथेच वारले. पण त्यांचं मूळ गाव कुठलं, हे आईलाही ठाऊक नव्हतं. जुन्या मृत्यूनोंदीत नाव, 'यहुदी' आणि नारायणगुड्यातली दफनभूमी एवढंच सापडलं. ख्रिस्ती लोकांच्या त्या जागेत मागच्या भिंतीशी आमच्या थोड्या कबरी आहेत.

दगडावर गावाचं नाव कोरलेलं असेल म्हणून मागच्या वर्षी एका दुपारी मी आईला तिथे घेऊन गेले. दगड मिळाला, पण अक्षरं झिजून गेलेली. मी सोबत नेलेलं तांदळाचं पीठ त्यावर चोळलं, तशी हिब्रू अक्षरं पांढरी होऊन दिसू लागली. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं आणि बघता बघता फाटकातून माणसं आत आली.

"क्या कर रहे यां? जादू करते क्या?" पुढच्याच्या हातात काठी होती. दुसरा मोबाइलवर आमचं शूटिंग करत होता.

पिठाने माखलेले हात मी पाठीमागे घेतले. ते सगळ्यांनी पाहिलं आणि माणसं आणखी जवळ आली.

आई शेजाऱ्यांना आयुष्यभर 'आम्ही महाराष्ट्राचे' एवढंच सांगत आलेली. ती दगडापाशी बसली. "दादा हैं हमारे. हम यहूदी लोगां हैं. हमारे पत्थरों पे नीचे मराठी में भी लिखते, देखो."

ती नखांनी माती उकरू लागली. मीही बसले. मातीखाली खरंच मराठी ओळ होती. घोळक्यातली एक बाई वाकली आणि हिंदी वाचावं तसं अडखळत वाचू लागली. आधी पणजोबांचं नाव, मग 'रेल्वे नोकर', मग 'राहणार', आणि त्यापुढे अलिबागजवळच्या एका गावाचं नाव.

काठीवाल्याने काठी खाली घेतली. मग म्हणाला, "पूछ के आना था, अम्मा. लोगां डर जाते."

आम्ही बाहेर पडलो. पुढचा हिमायतनगरचा चौक येईपर्यंत आईने माझं मनगट सोडलं नव्हतं. गावाचं नाव मिळाल्याचा आनंद मला झालाच नाही. डोक्यात फक्त तो मोबाइल होता. पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की वाटायचं, तो व्हिडिओच आला. व्हिडिओ कुठे आला नाही.

दफनभूमीतून परतलो त्याच संध्याकाळी मी आईला म्हटलं होतं, "आता गावाला जाऊन येऊ."

ती दाराची कडी तपासत होती. म्हणाली, "आधी सांग, त्यांनी आपला पत्ता तर नाही ना विचारला?"