डोक्यावरून आंघोळ

काकूंचं डोकं माझ्या हातांत होतं. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. दुपारची वेळ. देवासमधलं त्यांचं घर, मागची खोली. काकू बुटक्या स्टुलावर बसलेल्या, मी मागे उभी. बदामाचं तेल कोमट करून वाटीत घेतलं होतं. समोर पलंगावर त्यांची नणंद बसली होती. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, त्यासाठी धारहून आलेली. काकू तिला वन्सं म्हणत. वन्सं सुपारी कातरत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

"मराठी छान बोलते हो ही," वन्सं म्हणाल्या. "आडनाव काय ग तुझं?"

मी सांगितलं.

अडकित्ता थांबला. "म्हणजे कोण तुम्ही?"

तेही सांगितलं. आम्ही महार, आजोबांपासून बौद्ध. लपवायचं काय त्यात? आवाजसुद्धा खाली आणला नाही मी.

आणि माझ्या बोटांखाली काकूंची मान ताठ झाली.

बाकी काही नाही. शिवी नाही, आरडाओरडा नाही. फक्त मान. हे काम शिकल्यापासून पुष्कळ डोकी माझ्या हातांखालून गेलीत. माणूस सुखावला की डोकं जड होतं. तो आपला भार टाकतो, मान सैल सोडतो. काकूंनी तो भार माझ्या तळव्यांवर टाकला होता. तो त्यांनी उचलून घेतला. आपलं डोकं आपण धरलं.

"पुरे ग आता," त्या म्हणाल्या. "वेळ झाला."

अर्ध्या डोक्याला तेल लागलं होतं, अर्धं कोरडं होतं. त्या तशाच उठून न्हाणीघरात गेल्या. सकाळी त्यांची आंघोळ झाली होती, पूजा झाली होती, कपाळावर गंधही होतं. वन्संनी बसल्या जागेवरून आवाज दिला, "वहिनी, डोक्यावरून घ्या हो."

आत पाणी पडू लागलं. मी तेलकट हात घेऊन उभी राहिले. पुसू कशाला? टॉवेल त्यांचा होता.

आता मागचं सांगते, म्हणजे मला काय लागलं ते कळेल.

मी तेव्हा देवासला एका पार्लरमध्ये कामाला होते. घरी जाऊनही मालीश करायची. काकूंना अर्धशिशीचा त्रास. पार्लरच्या दीदीने मला त्यांच्याकडे पाठवलं. पहिल्याच दिवशी मी दारात म्हटलं, "चपला इथेच काढू का?" आणि काकू एकदम फुलल्या. "अगं बाई! मराठी तू? आणि इतकं स्वच्छ!" त्यांच्या घरात मराठी बोलायला उरलं होतं कोण? मुलगा नोकरीला बाहेर, सून इंदूरची, नातू म्हणायचे, "आजी, हिंदी में बोलो ना." काका गेलेले. भिंतीवर पगड्या घातलेले पूर्वज होते, पण ते काय बोलणार?

"मूळचे कुठले ग तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"साताऱ्याकडचे," मी म्हटलं. "पणजोबा संस्थानात होते."

माझी आजी असंच सांगायची आणि ते खरंच होतं. पणजोबा संस्थानाच्या पागेत होते. घोड्यांना गवत कापून आणायचे. काकूंचे पूर्वजही संस्थानातच होते, कारभारी. दोघींची घराणी एकाच वाटेने दख्खनेतून आली. एक पालखीत, एक पालखीमागून चालत. पण देवासमध्ये मराठी माणूस "संस्थानात होते" म्हणाला की ऐकणाऱ्याला पगडीच दिसते. गवताचा भारा कुणाला दिसत नाही. काकूंनी पुढे विचारलं नाही. मराठी बोलते, पूर्वज संस्थानातले, म्हणजे झालं. मैत्रिणींना फोनवर सांगायच्या, "अहो, आपल्यातलीच मुलगी आहे, हात काय सुरेख!"

दर शनिवारी जायचे मी. तेल लावायला लागले की त्या म्हणायच्या, "जन्मभर सगळ्यांचं केलं ग. सोनं नको, नाणं नको. ही एवढी चैन मात्र मला हवी." मग डोळे मिटून काहीबाही बोलत राहायच्या. सासूचं, माहेरचं, कधीकाळी चोरून खाल्लेल्या आइस्क्रीमचं. काम झालं की स्वतः चहा करायच्या. निळ्या फुलांच्या कपात. मला सोफ्यावर बसवायच्या. "बाळ, खारी घे," म्हणायच्या. मला बाळ कुणी म्हणत नव्हतं. आमच्या घरी लाड करायला वेळच नसायचा. आई नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगला, यायची ती मिरचीने डोळे लाल करून. डोक्याला तेल लावायचं तर आपलं आपण, शाळेला उशीर होत असताना, खसाखसा.

खोटं कशाला बोलू? काकूंची चैन मी होते आणि माझी चैन ते घर होतं. तो सोफा, तो कप, ते बाळ म्हणणं. शुक्रवारपासून मला बरं वाटायला लागायचं. गौरींच्या हळदीकुंकवालाही त्यांनी बोलावलं होतं. "पिवळी साडी आहे का तुझ्याकडे? नसली तर माझी नेस." मी मैत्रिणीकडून पिवळी साडी आणून ठेवली होती.

तर, पाणी थांबलं. काकू बाहेर आल्या. केसांतून पाणी ठिबकत होतं. डोकं दुखत असताना ओले केस त्यांना चालत नसत, हे मला माहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खोलीत गेल्या, स्वयंपाकघरात गेल्या, एक कापडी पिशवी भरून आणली. हातात दिली नाही. उंबऱ्याजवळ ठेवली.

"हे राहू दे तुला. मला काय करायचंय इतकं?"

पिशवीत बदामतेलाची बाटली होती, पितळेची वाटी होती, लाकडी कंगवा, जाडजूड मऊ टॉवेल. एवढंच असतं तर मी खूश होऊन घरी गेले असते, इतकी मी मूर्ख होते. पण खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, निळ्या फुलांचा कपही होता. एकच कप. सहाच्या सेटमधला.

"उद्या येऊ नकोस हं," काकू म्हणाल्या. "पाहुणे फार आहेत."

मी पिशवी उचलली. का उचलली, माहीत नाही. हात पुढे झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असेल. रस्त्यावर आले, रिक्षा थांबवली. "भिया, टेकरीच्या खाली सोडा," एवढं बोलले आणि मग तोंड उघडलं तर रडू येईल म्हणून दात आवळून बसले.

आईने पिशवीतल्या वस्तू एकेक करून चटईवर मांडल्या. कप हातात घेऊन बघितला. तिला काही सांगावं लागलं नाही.

"आडनाव सांगितलंस?"

"विचारलं त्यांनी."

"मग हे दिलं नाही तुला. हे टाकलंय," आई म्हणाली. "बाटलं. कचऱ्यात टाकायला जीव होत नाही, भारी सामान आहे ना. म्हणून तुझ्या पिशवीत टाकलं." मग टॉवेलवरून हात फिरवला. "पण टॉवेल अच्छा आहे हां. धुऊन वापरू."

मी ओरडले तिच्यावर. जाळून टाक म्हटलं. तुला लाज नाही का म्हटलं. आई शांतपणे म्हणाली, "टॉवेलने काय केलंय तुझं? त्याला जात नाही. बस इथे."

तिने मला पुढ्यात बसवलं आणि त्याच बाटलीतलं तेल माझ्या डोक्यावर ओतलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. तिच्या बोटांना मिरचीचा वास होता, तळवे खरखरीत होते. किती वर्षं मला हे हवं होतं! कुणीतरी आपलं डोकं हातात घ्यावं, आपण डोळे मिटावेत. आणि माझी मान ताठ झाली. माझी. आईच्या हातांखाली. मी प्रयत्न केला, सोड म्हटलं मानेला, सुटेना. आईच्या लक्षात आलं. तेल मुरवलं, वेणी घातली आणि उठून भाकऱ्यांना लागली.

ते भूत तेव्हापासून माझ्या मानगुटीवर आहे. अजूनही कुणी डोक्याला हात लावला की मान धरते. नवऱ्याने प्रेमाने केसांतून हात फिरवला तरी. शेजारी कुणी बादलीत नळ सोडला की माझे चालते हात थांबतात आणि कानात ऐकू येतं, डोक्यावरून घ्या हो. गिऱ्हाईक बाईने डोळे मिटले की माझे अंगठे तिच्या मानेवर वाट बघत राहतात. आता विचारेल. आता ताठ होईल. दुसऱ्याला सुख द्यायचं माझं काम आणि प्रत्येक सुखाखाली मला ती मान लागते.

वाईट गोष्ट ही की मला काकूंची आठवण यायची. रागाबरोबर आठवणही यायची. शनिवारी दुपारी पाय त्या बाजूला वळू बघायचे. कुणी बाळ म्हणालं तर पुन्हा जाईन की काय, याची मलाच भीती वाटायची.

दिवाळीनंतर काकू पार्लरमध्ये आल्या. स्वतः. कधी येत नसत. आणखी दोन मराठी बायका फेशियलला बसल्या होत्या. काकू आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं, कपाळावर कचकचून रुमाल बांधलेला. मी मागे जाऊन उभी राहिले. आरशात त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या,

"तुझ्यासारखा हात नाही ग कुणाचा. तिघी जणी बघितल्या. झोप नाही मला."

खरंच दुखत होतं त्यांना. मला ते त्यांच्या भुवयांवरून कळत होतं.

"ये ना घरी," त्या म्हणाल्या. "सकाळी ये, माझ्या आंघोळीच्या आधी. मागच्या दाराने. तेल लावलं की मी नाहतेच, म्हणजे काही प्रश्न नाही. वन्संना कळायचं कारण नाही." मग थांबून, अगदी पूर्वीच्या आवाजात, "येशील ना, बाळ?"

त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. माझा हात हवा. मी लागले की धुऊन टाकता येईल अशी वेळही हवी. चैनही सुटायला नको आणि सोवळंही. आणि त्यांना वाटत होतं, त्या माझ्यावर माया करताहेत! मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यात कपट नव्हतं हो. कपट असतं तर मला सोपं गेलं असतं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"काकू," मी म्हटलं, "इथेच करते. आत्ता. टेका मागे."

त्यांनी आरशातून त्या दोघींकडे पाहिलं. दोघी ओळखीच्या. दोघींना आता माझं आडनाव माहीत असणार, वन्सं काय गप्प बसल्या असतील?

"इथे नको ग," काकू कुजबुजल्या. "सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच," मी म्हटलं. मोठ्याने. "दिवसाउजेडी, तुमची आंघोळ-पूजा झाल्यावर. पुढच्या दाराने. नाहीतर नाही."

"इतका गर्व बरा नव्हे."

"गर्व नाही. माझा हात धुऊन टाकायचा असेल तर तो मिळणार नाही."

काकू उठल्या. रुमाल आणखी आवळला आणि गेल्या. जिन्यात एकदा भिंतीला धरून थांबलेल्या दिसल्या. मी धावून गेले नाही. पाय निघाले होते, मी खुर्चीची पाठ धरून ठेवली. सोडली नाही.

"पागल है क्या तू?" दीदी भडकली. "इतनी पुरानी क्लाइंट! सर ही तो दबाना था!"

दीदीचं बरोबर होतं, तिच्या हिशेबाने. मराठी बायका एकेक करून दुसऱ्या पोरी मागवू लागल्या. कुणी कारण सांगितलं नाही. आम्हाला कारण कधी सांगतातच कुठे? लग्न झाल्यावर मी धारला आले आणि रस्त्यालगतच्या एका खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. एक खुर्ची, एक आरसा, एक पंखा. सुरुवातीला लोकांनी समजावलं, बोर्डावर नुसतं नाव लिही, गुलाब काढ, छान दिसतं. मी आडनावासकट लिहून घेतलं, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. पेंटरने दोनदा विचारलं, "पूरा लिखना है?" म्हटलं, पूर्ण.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. मोठ्या घरची, गाडी बाहेर उभी. बोर्ड न वाचताच आत आली असणार. डोकं ठणकतंय म्हणाली, खुर्चीत बसली, डोळे मिटले. मी तेल गरम करायला ठेवलं आणि हात मागे बांधून तिच्यासमोर येऊन उभी राहिले. माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. तिने डोळे उघडले. "हां, तो?" म्हणाली, मला वेड लागलंय की काय अशा नजरेने. मी म्हटलं, "तो कुछ नहीं. आता डोळे मिटा."

सगळ्याच तिच्यासारख्या नसतात. काहींना आठवतं की गॅस चालू राहिलाय, काहींना फोन येतो. जाऊ देते. मान ताठ व्हायची तर माझा हात लागायच्या आधी होऊ दे, माझ्या बोटांना ती पुन्हा कळता कामा नये. इथे आधी माझं नाव ऐकायचं, पूर्ण, आणि मगच डोकं माझ्या हातात द्यायचं. ज्यांना चालत नाही त्यांनी आपलं दुखरं डोकं घेऊन घरी जावं.