जाईमावशीला काय काय लागलं

उसाच्या ट्रॉलीचं चाक माझ्या डाव्या पायावरून गेलं, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ईटहून भूमला निघाले होते. वळणावर स्कूटी घसरली, मी आडवी झाले आणि गच्च भरलेली ट्रॉली गुडघ्याखालून पार झाली. ट्रॅक्टरवाला उडी टाकून रडतच धावत आला. मी उठले, कपडे झटकले आणि त्याच्यावरच खेकसले, "बघून चालवता येत न्हाय का?" चूक माझी होती, ही गोष्ट वेगळी. पायावर साधा ओरखडाही नव्हता.

मला त्याचं नवलही वाटलं नाही. वीस वर्षांत मला कधी काही झालंच नव्हतं. ताप नाही, खरचटणं नाही. लस टोचली तरी मी हसायचे म्हणे. पाळीत पोट दुखतं म्हणून मैत्रिणी कॉलेज बुडवायच्या, तेव्हा मला वाटायचं, काय नाटकं करतात ह्या पोरी. पैज लावून शाळेच्या छतावरून उडी मारली होती मी, सातवीत. गाव म्हणायचं, आण्णासाहेबांच्या वैष्णवीला काई होत न्हाय. आणि मी ते ऐकून फुगायचे.

अपघाताचं घरी सांगायचं नाही असं ठरवूनच संध्याकाळी परत आले. गल्लीत बाया जमल्या होत्या. भीमनगरातल्या जाईमावशी साडेदहाच्या सुमाराला बाजेवर बसून तूर निवडत होत्या आणि बसल्या जागी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. त्यांचा मुलगा राजपाल त्यांना धाराशिवला घेऊन गेला. तिथं डॉक्टरांनी त्याला तीनदा विचारलं, "गाडी कोणती होती?"

साडेदहा. ट्रॉली माझ्या पायावरून गेली, तीही साडेदहालाच. पण तरीही मनात म्हटलं, योगायोग असेल.

स्वयंपाकघरात आई पाठमोरी उभी होती. ती वळली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कुठं पडलीस?"

मी तर कुणाला एक शब्द बोलले नव्हते.

जाईमावशी कोण, ते आधी सांगते. चौसष्ट वर्षांची, काटकुळी, एका खांद्यानं किंचित कललेली बाई. आमच्या शाळेत अठरा वर्षं त्यांनी खिचडी शिजवली. तोंडानं फटकळ. ताटात उष्टं टाकलं की मास्तरांच्या पोरालाही सोडायच्या नाहीत. शिक्षण चौथी, पण शाळेत आलेला पेपर पहिल्यांदा त्यांच्या हातात जायचा आणि मगच मुख्याध्यापकांच्या. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले होते. कुणी अंगारा दिला तर मावशी म्हणायच्या, "चुलीत लई राख हाय माज्या." आणि सतत कुठं ना कुठं मोडलेल्या असायच्या. हाताला प्लास्टर, डोक्याला पट्टी, कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग. लोक चेष्टा करायचे, जाईबाई वाऱ्यानं बी मोडती. मीसुद्धा केलीय ही चेष्टा. त्यांच्या तोंडावर.

आमच्या घरी त्या सणाला यायच्या. आई त्यांना ओसरीवर बसवायची आणि वेगळ्या कपात चहा द्यायची. मी बारावीत असताना त्यावरून भांडले होते, पण भांडून चहा प्यायला आत निघून गेले होते.

आईनं गॅस बंद केला, खाली बसली आणि सांगायला लागली.

माझ्याआधी आईची तीन लेकरं गेली होती. एकही महिन्याचं झालं नाही. म्हणून मी जन्मल्यावर पाचव्या दिवशी मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि विकलं. लेकरं जगत नसली की आमच्याकडं असं करतात. दुसऱ्याचं झालेलं लेकरू मरण नेत नाही, असा समज. विकत घ्यायला बोलावलं जाईमावशींना. त्यांनी साफ नाही म्हटलं, असलं मानत नाही म्हणाल्या. आई बाळंतिणीची तिथंच मातीत बसून राहिली. शेवटी मावशींनी आईच्या पदरात मापटंभर ज्वारी टाकली आणि मला उचललं. नंतर दूध पाजायला आईकडंच दिलं. जावळ काढायच्या दिवशी आईनं सव्वा मापटं ज्वारी द्यायची आणि लेकरू परत घ्यायचं, अशी रीत.

"मग घेतलंस का परत?"

आईनं मान हलवून नाही म्हटलं.

जावळाच्या आठ दिवस आधी मी रांगत जाऊन उकळतं दूध अंगावर ओढून घेतलं. माझी कातडी लालसुद्धा झाली नाही. त्याच वेळी भीमनगरात मावशींचा हात कोपरापर्यंत फोडांनी भरला. संध्याकाळी आईच्या कानावर आलं आणि तिला सगळं कळलं. मग तिनं जावळ काढलं, गावजेवण घातलं आणि ज्वारी काही दिली नाही.

"तुला म्हाईत होतं? वीस वर्सं?"

"तीन गेल्ती, वैष्णवी," आई म्हणाली. "म्या माज्या हातानं पुरल्ती."

मला तिची कीव आली आणि त्याच क्षणी तिची किळसही आली. दोन्ही खरं आहे. मी मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. तेव्हा आठवलं: मी छतावरून उडी मारली, त्या दिवशी मावशी खिचडीच्या पातेल्याजवळ कोसळल्या होत्या. तीन बरगड्या. आणि आम्ही पोरं खिचडी करपली म्हणून ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. मावशींचा पाय गुडघ्यापासून काढला होता. राजपालदादा बाहेर मान खाली घालून बसला होता. डॉक्टर त्याला सांगत होते, ह्या वयात आणखी एक असा मार त्या सोसणार नाहीत.

मी खाटेजवळ उभी राहिले.

"कळलं व्हय तुला?" मावशीच म्हणाल्या.

"तुमी ह्यातलं काई मानत न्हाय ना?"

"न्हायच मानत. पन हात भाजला त्यो भाजलाच की."

"मग मला परत का नाही दिलं? आईच्या अंगावर टाकायचं ना मला!"

"गेल्ते की. फोड आलेला हात घिऊन गेल्ते. लई शिव्या घातल्या तुज्या आईला." त्या थांबल्या, त्यांना धाप लागली होती. "पन धा म्हैन्याचं लेकरू. त्याला सोसलं आसतं का ते दूध? मला सोसलं. मंग दरसाल म्हनायची, औंदा देऊन टाकते. तर तू झाडावर चढायलीस, मंग हिरीत उड्या मारायलीस. मंग गाडी घेतलीस."

मी त्यांच्या उशाशी डोकं ठेवून रडले. लाजेनं रडले. बाया रडतात तसं नाही, गुरासारखं.

घरी येऊन आईला म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल, ज्वारी घे. आई नाही म्हणाली. मी धमकी द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. जीव देईन, विहिरीत उडी टाकीन, काहीही म्हटलं तरी मोडणार होत्या मावशीच. वीस वर्षं मिरवलेली माझी हिंमत दुसऱ्याच्या हाडांवर चालली होती.

"पुढच्या वेळी त्या मरतील," मी म्हणाले. "मग काय करशील?"

आईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. "राजपालच्या बायकोला इचारनार हाय," ती हळूच म्हणाली. "श्रावस्तीला. तरनी हाय, सोसंल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नाही. आता मला श्रावस्तीला विकायचं, असा आईनं सगळा विचार करून ठेवला होता. श्रावस्ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, कडेवर तिचं तान्हं लेकरू.

मी आत गेले, पिशवीत कपडे भरले आणि बाहेर आले. "विकलीस ना मला? मग मी त्यांची. आजपासून भीमनगरात राहते. लग्नातही तू लांबूनच बघ." मी उंबरा ओलांडला आणि मागं वळले नाही. मी थांबणार नाही, हे आईला ठाऊक आहे. माझा स्वभाव तिचाच.

मावशींना हे सांगायला मी धाराशिवची एसटी धरली. मला जागा मिळाली, तोवर आई धापा टाकत चढली. पदराखाली ज्वारीची पिशवी होती. धाराशिवपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

वॉर्डात आई मावशींच्या खाटेशी उभी राहिली. आजवर ती त्यांना अगं-तुगं करत आली होती. "जाईबाई," ती म्हणाली, "तुमी माजी लेक मला परत द्या." मावशींनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी ज्वारी पदरात घेतली आणि माझा हात उचलून आईच्या हातात दिला.

काही वेगळं वाटलं नाही. मी बाहेर पाणी आणायला निघाले आणि दाराच्या लोखंडी पट्टीला पायाचा अंगठा ठेचकाळला.

मी किंचाळले. नर्स धावत आली. अर्धं नख उचकटलं होतं आणि रक्त येत होतं, माझं रक्त. एवढं दुखतं? एका नखाला एवढं? मी भिंत धरून लंगडत खाटेपाशी गेले. "मावशी, असंच दुखायचं तुमाला?"

खोटं बोलून समजूत काढायची, ही त्यांची सवय नव्हतीच. "ह्येच्या लई जास्ती," त्या म्हणाल्या. "आता गाडी सावकाश चालवशील."

नर्सनं पट्टी आईच्या हातात दिली. आई पट्टी हातात घेऊन नुसती बसून राहिली. वीस वर्षांची लेक, पण तिची जखम कधी बांधलीच नव्हती तिनं. कुठून सुरुवात करायची, तेच कळेना तिला.

"आदी पुसून घ्या," खाटेवरून मावशी सांगू लागल्या. "मंग दोन येढं द्या. घट्ट नका बांदू, ठनकंल तिला."