भिंतीवरचा मी घातलेला मुलगा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याच्या भिंतीवर जो वंशवृक्ष टांगलाय, त्यातला एक माणूस कधी जन्मलाच नव्हता. तो मी घातला.

इकडे परदेशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात राहायला आलो तेव्हा म्हातारा फिजोआ फळांची पिशवी घेऊन ओळख करून घ्यायला आला. चहा पिताना त्याला आमचा कुलवृत्तांत दिसला. "एवढा जाड? हे सगळे तुझे नातेवाईक?" मग म्हणाला, आपणही आयर्लंडातल्या एका जुन्या जमीनदाराच्या घराण्यातले, असं त्याची आजी सांगायची. "तू कॉम्प्युटरवाला. बघ ना, मेट, सापडतंय का."

अख्खा हिवाळा सुट्टीच्या दिवशी मी तिकडची जुनी कागदपत्रं ऑनलाइन चाळत बसलो. आणि सापडलं. सतराव्या शतकातल्या त्या जमीनदाराला एकुलती मुलगी. तिचा नवरा म्हाताऱ्याच्याच आडनावाचा. पुढची साखळी थेट म्हाताऱ्यापर्यंत.

मी मात्र हिरमुसलो. आमच्या पुस्तकात मुलगी सासरी गेली की तिची फांदी तिथेच खुंटते. मुलीकडून आलेलं ते आजोळ, कूळ नव्हे. आता या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू, की बाबा रे, तू त्या घराण्यातला नाहीस? दया आली. म्हणून जमीनदाराला एक मुलगा दिला. आपल्या रीतीने त्याला आजोबांचं, म्हणजे जमीनदाराच्या बापाचं, नावही ठेवलं. बापाचं आडनाव एक आणि मुलाचं म्हाताऱ्याचं, पण त्या काळी तिकडे कित्येकांनी इंग्रजी आडनावं घेतली होती, त्यामुळे तेही खपून गेलं. मुलीला काढून टाकलं. म्हाताऱ्याने झाड फ्रेम करून दारासमोर लावलं.

दोनेक वर्षांनी त्याच्या लेकीला मुलगा झाला. बाळ माझ्या हातात देत म्हातारा म्हणाला, "ओळख बघू, नाव काय ठेवलं असेल?"

मी घातलेल्या मुलाचं.

"पण हा तर मुलीचा मुलगा," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग? वंश माझाच ना! का तुझा आहे?" आणि खो खो हसला.

तेव्हा कळलं, खरं सांगितलं असतं तरी तो तितकाच खूश झाला असता. तिथेच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "छान नाव आहे."

आता दुसरीकडे घर बघू म्हटलं, की बायको विचारते, "असा शेजार सोडून?" कारण सांगता येत नाही. परवा माझी लेक त्या फ्रेमसमोर उभी राहून, जमीनदाराच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हाऊ कम त्याला डॉटरच नव्हती?" आमच्या कुलवृत्तांतात माझ्या या लेकीची नोंद 'कन्या एक' एवढीच आहे. मी दाराशी काढलेल्या जँडल्स, म्हणजे चपला, शोधत बसलो. म्हातारा माझ्या पाठीवर थाप मारून तिला म्हणाला, "तुझ्या बाबांना विचार, झाड त्यांनीच केलंय."

जमीनदाराच्या त्या मुलीची झाडातली जागा तिला परत द्यायची आहे. म्हाताऱ्याला, तो जिवंत आहे तोवर, खरं सांगायचं आहे. नातवालाही. यातलं काहीच मी अजून केलेलं नाही.