पंचमीच्या दिवशी उगवलेला सूड

गेल्या दिवाळीत लातूरला, स्वतःच्या घरी, भर पंगतीत नणंद म्हणाली, "वहिनीच्या हातची भाजी पोरं तोंडात बी घेत न्हाईत." सगळे हसले. मीही हसले, कारण तोंडात तिचीच करंजी होती. पण करंजी गिळली ती डूख धरूनच.

पंचमीला ती पोरांना घेऊन आमच्याकडे, नांदेडला माहेरपणाला येणार हे ठरलेलं. तोवर मी मोबाइलवर बघून बघून एक भाजी शिकले. मोठ्या आचेवर भराभर परतायची, रंगीत, कुरकुरीत. माझी मागणी काही फार नव्हती. तिच्यादेखत तिच्याच पोरांनी "मामी, आणखी वाढ" म्हणावं, बस्स.

पंचमीला सकाळी मी कोबीवर सुरी ठेवली आणि सासूबाई ओरडल्या, "अगं, आज नागोबाचा दिवस! आज चिरतेत का कुणी?"

सुडाच्या नादात मी सणच विसरले होते. दारातून नणंद म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वहिनी, हॉटेलातून मागवू."

मागवू म्हणे! मी कोबी, घेवडा, सिमला मिरची परातीत ओतली आणि माझ्या दोन, तिच्या दोन पोरांना हाक मारली, "या रे, फाडा!" पोरं तुटून पडली. कोबीच्या चिंध्या झाल्या, घेवडा कटाकट मोडला. कांदा मात्र मी स्वतः बुक्की मारून फोडला. डोळ्यांसमोर कोण होतं ते सांगत नाही.

तव्याला मनाई असते, कढईला नाही, असा निवाडा मीच करून टाकला. तेलात ठेचलेला लसूण, मग भाज्या, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, वरून शेंगदाण्याचा कूट.

नणंदेचा धाकटा एरवी भाजी दिसली की ताट सरकवतो. तो कढई निपटायला बसला. मी पदर सारखा केला, नणंदेशेजारी जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुणी केली रे एवढी भारी भाजी?"

"आम्ही!" चारी पोरं एकदम ओरडली. त्यातली दोन माझी होती.

"बघा वहिनी," नणंद म्हणाली, "पोरांच्या हाताला कशी चव हाय!"

मी कढई उचलली आणि घासत बसले, बूड झिजेपर्यंत. दिवाळीला आम्ही लातूरला जातोय. दिवाळीत सुरी चालते.