दीड वीत वायर

पौडच्या बाजारातल्या अल्लाबक्ष शिंप्याला भीती वाटत नाही अशी जगात एकच वस्तू होती, ती म्हणजे कात्री. बाकी झाडून सगळ्याला तो भ्यायचा. एस.टी.त पुढं बसायचा नाही, कारण गाडी ठोकरली तर आधी पुढचे जातात. मागं बसायचा नाही, कारण मागून ट्रक येतो. मग पूर्ण तिकीट काढून पौड ते पुणे मधली दांडी धरून उभा. तलाठी पायजम्याचं माप द्यायला आला तरी ह्याला वाटायचं, चौकशी निघाली. बायको बीबीजान म्हणायची, "ह्यांना एक वेळ भाकरी न्हाई मिळाली तरी चालंल, भीती मात्र दोन वेळची लागती."

पण कात्री हातात आली की हा गडी निराळाच. त्याच्या कपड्याला लोंबता दोरा सापडत नसे. शर्ट शिवून झाला की तो उलटा करायचा, दारातल्या उजेडात धरायचा आणि बारक्या कात्रीनं एकेक दोरा टिपायचा. ती खोड इतकी हाडीमाशी मुरलेली, की लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाच्या बाहीचा दोरा दिसला, तर ह्याचा घास घशाखाली उतरायचा नाही. खिशातली कात्री काढून टच्‌कन तोडायचा आणि मगच जेवायचा. लोक हसायचे. त्यालाही त्याचं थोडं कौतुकच वाटायचं, आणि वाटू नये तरी का? त्याच्या भित्र्या आयुष्यात फुशारकी मारण्याजोगी तेवढीच एक गोष्ट होती.

चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत त्याच्या दुकानात विमान आलं.

ते आणलं जयवंतनं. जयवंत उरवड्याच्या एका कारखान्यात फिटर. तिशी ओलांडलेली, लग्नाचं नाव काढलं की चिडायचा, आणि घरी आई, गोजराबाई. म्हातारी दोन्ही कानांनी ठार बहिरी. जयवंतनं तीन वर्षं खपून हलक्या लाकडाच्या काड्यांचं विमान बांधलं होतं. चार हात लांबीचे पंख, दीड सीसीचं इंजिन, आणि आत वायरलेसची डबी. हातातल्या सेटवरची दांडी हलवली की विमानाचं शेपूट हलायचं. सेट त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला, वापरलेला, अगदी स्वस्तातला.

"पोलीस न्हाई ना यायचे?" अल्लाबक्षनं पहिला प्रश्न हाच केला.

"लायसन काढलंय चाचा," जयवंत म्हणाला, आणि कागद दाखवला तेव्हा कुठं अल्लाबक्षनं विमानाला हात लावला. काम एवढंच होतं : सांगाड्यावर पातळ रेशीम ताणून चिकटवायचं आणि जोडावर बारीक टाके घालायचे.

त्या वेळी दुकानात भुकूमचा वाल्मीक बसलेला होता. हवाई दलात वायरलेस मेकॅनिक म्हणून नोकरी करून पेन्शनीत आलेला, विजारीची कंबर सैल करून घ्यायला आलेला. त्यानं सेट उलटासुलटा करून पाहिला.

"आण्णा, चालंल ना?" जयवंतनं विचारलं.

"सेट स्वस्त हाय म्हनून वाईट न्हाई," वाल्मीक म्हणाला. "मुरल्याला माणूस असल्यावर उडवील बी. पर तू नवशिका. सेट बी कच्चा, हात बी कच्चा. उद्या विमान पडलं, तर चूक कुनाची ते कळायचं न्हाई. आन ज्याला चूक कळत न्हाई, त्यो शिकंल कसा?"

"चांगला सेट घेईस्तवर म्हातारा हुईन की मी."

"मंग उडीव. म्या कुटं न्हाई म्हनतोय? उडवायच्या आदी लांब जाऊन तपासून घेत जा, एवढंच."

जयवंतनं तपासलेलंच होतं. सेटची एरियल मिटून, म्हणजे त्याचा आवाका मुद्दाम कमी करून, तो पन्नास पावलं लांब गेला होता आणि तिथून दांडी हलवल्यावर शेपूट इमानानं हललं होतं.

अल्लाबक्षनं आठ दिवस ते काम केलं, आणि खरं सांगायचं तर असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. पंखावर सुरकुती नाही की टाका दिसत नाही. शेवटी सवयीप्रमाणं त्यानं विमान उचलून दारातल्या उजेडात धरलं. शेपटाखालून एक काळा बारीक दोरा लोंबत होता, दीड वीतभर. कात्री आपोआप उठली. टच्‌.

शुक्रवारी संध्याकाळी जयवंत न्यायला आला. विमान बघून त्याचे डोळेच भरले. त्यानं पंखावरून हात फिरवला, शेपूट पाहिलं आणि म्हणाला, "वायर आत घेतलीत व्हय चाचा? झाक केलंत. लोंबत व्हती ती मलाच आवडत नव्हती."

अल्लाबक्षनं मान हलवली.

मान हलली आणि मग त्याच्या ध्यानात आलं. आपण कापला तो दोरा नव्हता. त्यानं विचारलं, "ती वायर... कशाला असती रं?"

"त्यो त्येचा कान. म्या हितनं सांगायचं, त्येनं तितनं ऐकायचं. मापाची असती. येक बोट बी कमी चालत न्हाई, त्यात आपला सेट हलका," असं म्हणत जयवंतनं विमान सायकलच्या कॅरिअरला चादरीत बांधलं. "परवा रविवारी उडवतोय. भुकूमच्या भातखाचरात. तुमी यायचं."

त्याच वेळी दोन शब्द बोलला असता तर सगळं मिटलं असतं. पण भित्र्या माणसाचं असंच असतं. खरं बोलायला त्याला धीर लागतो आणि धीर गोळा होईस्तवर सायकल वळणाआड जाते.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी दुकान उघडून त्यानं चिंध्यांचं पोतं जमिनीवर ओतलं आणि गुडघे टेकून शोधत बसला. दोन तास गेले. शेवटी काजपट्टीच्या एका कापलेल्या तुकड्याला गुंतलेली ती वायर सापडली. वरून काळी, तोंडाशी तांब्याची तार चमकत होती. आपण दोरा म्हणून काय कापलं, हे त्याला आता दिसलं. कान तुटलेलं विमान गावावर फिरणार, कुणाच्या डोक्यात जाणार, कुणाचा डोळा फोडणार, आणि त्यावर त्याच्या हातचं रेशीम असणार.

बीबीजाननं तोंडावरूनच ओळखलं. सगळं ऐकून म्हणाली, "मंग हितं काय बसलाय? उठा. उरवड्याला जा आन सांगून या."

तो गेला. जयवंत कामावर होता, शनिवारची पहिली पाळी. घरी गोजराबाई एकटीच तांदूळ निवडत बसलेली. तिनं खुणेनं बस म्हटलं आणि पाणी दिलं. अल्लाबक्ष पाणी प्याला, त्यानं वायर काढून हातावर धरली आणि बोलायला लागला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. कात्री कशी उठली, मान कशी हलली, रात्र कशी गेली. सांगता सांगता रडला. म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत होती, मधूनच मान डोलवत होती. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि हे अल्लाबक्षला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर जीभ सुटली होती. मन मोकळं झाल्यावर त्यानं वायर परत खिशात घातली आणि पाळी सुटायच्या आत पौडची एस.टी. पकडली.

"सांगितलं?" बीबीजाननं विचारलं.

"सांगितलं," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं.

रविवारी भुकूमच्या खाचरात पन्नासेक माणसं जमली होती. भात कापून महिना झालेला, जमीन टणक, धसकटं उभी. गोजराबाई पोराचा पराक्रम बघायला आली होती. तिला लांबच्या बांधावर पोतं अंथरून बसवलं होतं. अल्लाबक्षच्या खिशातल्या हाताच्या मुठीत वायर होती आणि मूठ ओली झाली होती. 'आता सांगतो, इंजिन चालू व्हायच्या आधी सांगतो,' असं तो मनात घोकत होता.

वाल्मीकनं परत तपासायला लावलं. जयवंत एरियल मिटून एकेक पाऊल मागं गेला. दहा पावलं, शेपूट हललं. वीस, हललं. बाविसाव्या पावलाला ते नुसतं थरथरलं आणि गप्प झालं.

"म्हनलं नव्हतं?" वाल्मीक म्हणाला. "स्वस्त सेटचं आसंच. आज ऱ्हाऊ दे."

लोकांत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "जयवंता, पतंग आन त्यापरीस!" जयवंतचं तोंड लाल झालं.

"सेल नरम असत्याल. नवे घालतो. आन लांब न्हाई न्यायचो, जवळच फिरवतो."

हीच ती वेळ होती. अल्लाबक्ष दोन पावलं पुढं झाला, त्यानं तोंडही उघडलं. पण समोर पन्नास माणसं, पौडची निम्मी गिऱ्हाइकं त्यात. 'ह्या शिंप्यानं विमान कापलं,' हे वाक्य त्याला कानांत ऐकू आलं, आणि तो परत दोन पावलं मागं सरला. तेवढ्यात इंजिन फुरफुरलं, इंधनातल्या ईथर आणि एरंडेलाचा वास पसरला, वाल्मीकनं नाइलाजानं विमान डोक्यावर धरलं, चार पावलं पळाला आणि सोडलं.

विमान उडालं. काय सुंदर उडालं! रेशमातून ऊन आरपार दिसत होतं. जयवंतनं डावीकडं वळवलं, वळलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एक घिरटी झाली, दुसरी झाली, आणि अल्लाबक्षला क्षणभर वाटलं, अल्लानं वाचवलं.

तिसऱ्या घिरटीला विमान जरा लांब गेलं. जयवंतनं दांडी डावीकडं ओढली. विमान सरळच चाललं. त्यानं परत ओढली, सेट डोक्यावर धरून ओढली, पुढं पळत ओढली. विमानाला काही ऐकू येत नव्हतं. नाक खाली घालून ते लांबच्या बांधाकडं निघालं, आणि बांधावर गोजराबाई उन्हाकडं पाठ करून पानाला चुना लावत बसली होती.

"आये! आये, ऊठ!" जयवंत किंचाळला. सगळे ओरडले. पण म्हातारीला हाक पोचणार कशी?

अल्लाबक्ष पळाला. पन्नाशीचा माणूस, आयुष्यात एस.टी. धरायलाही न पळालेला, टोपी पडली तरी पळाला. निम्म्या वाटेत धसकटात पाय अडकला आणि तो तोंडावर आपटला. डोक्यावरून आवाज घोंघावत गेला. मग काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. त्यानं मान वर केली नाही. बघायची छातीच झाली नाही.

गोजराबाईला काही झालं नव्हतं. तिच्यापासून दोन हातांवर विमान बांधात घुसलं होतं. ती मोडक्या पंखाकडं आणि धावत येणाऱ्या लोकांकडं आळीपाळीनं बघत होती. कुणाच्या शहाणपणानं ती वाचली नव्हती, अल्लाबक्षच्या पळण्यानं तर मुळीच नाही. वाचली म्हणून वाचली.

जयवंत आईच्या पायाशी बसला. "सेटचा दोष न्हाई, आण्णा," तो म्हणाला. "म्याच घाबरून दांडी उलटी दाबली असंल. माझा हातच न्हाई ह्यातला. आईला मारली असती म्या. आजपास्नं बंद. परत ह्याला शिवायचं न्हाई."

वाल्मीक तरी काय सांगणार? चूक कळायला मार्गच नव्हता. मार्ग होता तो अल्लाबक्षच्या खिशात, ओल्या मुठीत, आणि ती मूठ काही केल्या बाहेर निघत नव्हती.

तेवढ्यात गोजराबाईचं लक्ष त्याच्याकडं गेलं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "आरं जयवंता, ह्यो काल घरी आलता. लई बोलला, रडला बी. कायतरी काळं दावत व्हता. मला मेलीला काय ऐकू येतंय? तू तरी इचार त्याला, कशापायी रडत व्हता."

सगळे त्याच्याकडं वळले. अल्लाबक्षनं हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. "म्या कापली," तो म्हणाला. "दोरा वाटला."

जयवंतनं वायर उचलली, शेपटाखालचं टोक धुंडाळलं, जोडून बघितली. आता मारणार, असं अल्लाबक्षला वाटलं आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

"मंजी माझा हात न्हाई चुकला," जयवंत हळूच म्हणाला. मग जोरात, "आण्णा, माझा हात न्हाई चुकला! म्या डावीकडंच दाबली व्हती!" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मग तो अल्लाबक्षकडं वळला. "चाचा, वायर कापली त्येचं मला कायबी न्हाई. दोरा दिसला, कापला. पर म्या इचारलं तवा तुमी मान हलवली. आई हितं बसली व्हती, चाचा." एवढंच बोलून तो मोडकं विमान गोळा करायला लागला. कुणी मारलं असतं तर अल्लाबक्षला सोसलं असतं.

त्या दिवसापासून तो कात्रीलाही भ्यायला लागला. शर्ट शिवून झाला की घडी न घालता गिऱ्हाइकापुढं धरायचा आणि विचारायचा, "हा दोरा कापू का?" गिऱ्हाईक कापा म्हणेपर्यंत कापायचा नाही. लोकांना ती थट्टाच झाली. पोरीबाळी लांबून ओरडायच्या, "चाचा, कापू का?" तो हसायचा नाही.

पुढच्या दिवाळीनंतर एक दिवस दुकानासमोर सायकल थांबली. जयवंतनं चादर सोडून नवा सांगाडा फळीवर ठेवला. शेपटाखालून काळी वायर लोंबत होती. दोघंही तिच्याकडं बघत उभे राहिले.

"दुसरीकडं न्हे रं," अल्लाबक्ष म्हणाला. "पुण्यात चांगले शिंपी हायेत."

"त्यांचं काम म्या बघितलंय. सुरकुत्या पडत्यात."

"आन परत कापली तर?"

"कापली तर कापली," जयवंत सायकलवर टांग टाकत म्हणाला. "पर सांगा."

अल्लाबक्षनं कात्री बीबीजानकडं दिली, आणि रेशमाचं माप घ्यायला सुरुवात केली.