पोळ्याच्या रंगातली मोटारसायकल

पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी काढलेल्या ऑइल पेंटचा वास आला, की ती वीतभर लांबीची, शोभेची प्लास्टिकची मोटारसायकल आठवते. नव्वदीतली गोष्ट, कळसला सासरी माझा पहिलाच पोळा. यांनी बारामतीहून तिचे सुटे भाग आणून जोडले आणि मागच्या पोळ्याच्या घट्ट झालेल्या रंगात रॉकेल घालून, काडीला कापूस गुंडाळून ती रंगवली. आठवडाभर माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही. पोळ्याला मी बैलांना ओवाळलं, तशा सासूबाई म्हणाल्या, “नवी गाडी हाय, तिलाबी ओवाळ गं.” दात आवळून सवतीला ओवाळलं. कुंकू लावायला बोट नेलं, तर हे ओरडले, “हळू! रंग वला हाय!” आता दारात खरी मोटारसायकल आहे. मागं मी बसलेली असते, पण खड्ड्यात गाडी घालताना यांना ‘हळू’ कधी आठवत नाही.