एकविसावा प्रवासी

कंडक्टरबाईंचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. साथ सरून वर्ष झालं, तरी बस आपली रिकामीच. पुढच्या बाकावर तपासनीस कागद घेऊन बसला होता. आठवडाभर सकाळच्या फेरीला रोज वीस माणसं भरली तरच हा मार्ग राहणार होता. सहा दिवस कशीबशी भरली, आज शेवटचा. मार्ग गेला की बाईंची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग दुपारच्या सुट्टीत घरी पळत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवणार कोण?

"कुठे गडप झाली सगळी माणसं?" बाई करवादल्या.

"ती काय, आपल्या पुढ्यात," ड्रायव्हर म्हणाला. साथीत ज्याने त्याने स्कूटर घेतली होती, आणि आता रस्ताभर त्यांचीच गर्दी.

त्यात बाकांवरच्या त्या लाल फुल्या! एकाआड एक जागेवर बाईंनीच चिकटवलेल्या. बाईंचं काम चोख, खरवडून नखं झिजली तरी निघेनात. लोक अजून फुली सोडून बसत. चार जण उभे दिसले की थांब्यावरच्यांना वाटे, बस भरली. "अहो, बसा की! फुली चावते का?" बाई ओरडत. याच तोंडाने पूर्वी आपण उलटं ओरडलो होतो, हे आठवून त्यांना स्वतःचीच चीड येई.

शेवटच्या आधीच्या थांब्यापर्यंत एकोणीस झाले; पुढे फक्त उतरणारेच. तिथे शिंपीकाका चपलेतला खडा काढत होते. पूर्वीचे रोजचे प्रवासी! बाईंना हायसं वाटलं.

"या काका, चढा. जागाच जागा आहे."

"नको बाई. साथीत तुम्ही मला उतरवलंत, आठवतं? वीसच घ्यायचे होते, मी एकविसावा."

"नियम होता हो! मला काय हौस होती?"

"राग नाही. त्या दिवशी दुकानापर्यंत चालत गेलो, तेव्हापासून चालतोच. आता बसची सवयच मोडली."

आईचं सांगावं, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं. पण त्या दिवशी काकाही विनवत होते, गुडघा दुखतोय म्हणून. तेव्हा आपण काय म्हणालो होतो, ते बाईंना शब्दन् शब्द आठवलं. त्या दारातून मागे सरल्या.

तपासनिसाने एकोणीस लिहिलं. बाईंनी डबल बेल मारली. पुढे स्कूटरीच स्कूटरी, बस तसूभर हलेना. खिडकीखालून शिंपीकाका सावकाश पुढे निघून गेले.

बाईंनी पुन्हा डबल बेल मारली.